वनकंदांची बालरोपे : कुंडीत आणि वाफ्यात

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी या चिकित्सेच्या चतुष्पादात द्रव्याचे स्थान वैद्याच्या लगोलग आहे. नाव, रूप आणि गुण या तिन्हींनी न ओळखलेले औषध विषासमान ठरते, असा इशारा चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात दिला आहे. वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात, हेही त्यांनी तेथेच मोकळेपणाने मान्य केले आहे. आज आपणां वैद्यांपैकी आणि औषधी निर्मात्यांपैकी बहुतेकांची द्रव्यांशी ओळख होते ती पोत्यातून. त्यातही पान, फूल वा फळ ही द्रव्ये वाळल्यावरही आपले मूळ रूप काही अंशी राखतात. कंद मात्र सोलला, कापला आणि वाळविला की त्याची ओळख जवळजवळ पुसली जाते. म्हणूनच संदिग्ध द्रव्यांच्या यादीत कंदांची संख्या मोठी आहे.

या अडचणीवर आम्ही गेली काही वर्षे एक साधा उपाय करीत आहोत. चिकित्सालयामागील अंगणात कुंड्यांमध्ये व दोन-तीन वाफ्यांमध्ये वनातील कंदवर्गीय वनस्पतींची बालरोपे वाढवावयाची, त्यांचे पान, फूल आणि भूमिगत भाग वर्षभर पाहावयाचे, व त्यानंतरच बाजारातील शुष्क द्रव्य हाती घ्यावयाचे. या उद्योगात आमच्याकडून चुकाही पुष्कळ झाल्या. त्या चुकांसह आमचा अनुभव वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधालयांच्या चालकांपुढे ठेवीत आहोत.

कंदाचे वर्ष

आपल्या सह्याद्रीतील व कोकणातील वनकंद हे पावसाचे अपत्य होय. मृगाच्या सरींबरोबर ते जागे होतात, आषाढ-श्रावणात पाने व फुले धरतात, भाद्रपद-आश्विनात पिवळे पडतात आणि कार्तिकापर्यंत जमिनीवरील भाग लुप्त होतो. त्यानंतरचे सहा-सात महिने कंद मातीत निद्रिस्त असतो. पाने हिरवी असताना तयार झालेले अन्न या काळात कंदात साठून राहते व पुढील वर्षीचा अंकुर त्यावरच पोसला जातो. चरक कल्पस्थानात त्वचा, कंद आणि क्षीर यांचा संग्रह शरद ऋतूत करावा असे सांगितले आहे. पाने पिवळी पडून सर्व सत्त्व खाली उतरण्याचा हाच काळ होय, हे कुंडीतील रोपाकडे पाहिले की आपोआप उमगते.

आमची पहिली आणि मोठी चूक याच ठिकाणी झाली. पाने पिवळी पडू लागली तेव्हा रोपे तहानलेली आहेत असे समजून आम्ही पाणी वाढविले. पाने गेली, तरी नित्यनेमाने पाणी घालीत राहिलो. माघात कुंड्या उकरल्या तेव्हा निम्म्याहून अधिक कंद कुजून त्यांचा चिखल झाला होता. याच्या उलट चूक अनेकांच्या घरी होते : रोप मेले असे समजून कुंडीतील माती कंदासह उकिरड्यावर टाकली जाते. म्हणून या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ती ही की, पाने पिवळी पडू लागताच पाणी कमी करावे, पाने पूर्ण वाळल्यावर ते बंद करावे, कुंडी पावसाच्या व झारीच्या आवाक्याबाहेर सावलीत ठेवावी आणि तिच्यावर नावाची पट्टी असू द्यावी. वैशाखाच्या अखेरीस अंकुर डोकावेपर्यंत त्या रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीस हात लावू नये.

कुंडी, माती आणि वाफा

कुंडी मातीची असावी. तिच्या अंगातून ओलावा सुटतो व कंद गुदमरत नाही. बीजापासून उगविलेल्या पहिल्या वर्षाच्या रोपास सहा इंची कुंडी पुरते, दुसऱ्या वर्षी दहा ते बारा इंच खोलीची लागते. तळाच्या छिद्रावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा व त्यावर दोन बोटे जाडीचा विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा. मातीसाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग पालापाचोळ्याचे पूर्ण कुजलेले खत व एक भाग जाड रेती हे मिश्रण आम्हांस सर्वांत मानवले. ताजे शेण वा अर्धवट कुजलेले खत घालू नये, त्याच्या उष्णतेने व बुरशीने कोवळा कंद नासतो. देशावरील काळी माती निव्वळ वापरल्यास ती पावसात चिकट होते व उन्हात भेगाळते. तेथील मंडळींनी रेतीचे प्रमाण दुप्पट करावे.

वाफा जमिनीपासून सुमारे एक फूट उंच असावा. जागा निवडताना ही झाडे वनात कोठे वाढतात हे आठवावे. ती उघड्या माळावर क्वचित आढळतात. झाडांच्या विरळ सावलीत, उतारावर, पाणी न थांबणाऱ्या जागी ती अधिक सापडतात. आंब्याच्या वा पळसाच्या कडेला, सकाळचे ऊन मिळेल व दुपारचे टळेल अशी जागा उत्तम. लागवडीनंतर वाफ्यावर वाळक्या पानांचे पातळ आच्छादन घालावे. घुशी, उंदीर आणि वनालगतच्या गावांत साळिंदर व रानडुक्कर हे कंदांचे मोठे शत्रू आहेत. वाफ्याच्या तळाशी व कडांना लोखंडी जाळी पुरली तर पुढील मनस्ताप वाचतो.

सफेद मुसळी

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. मुंबईजवळील बोरिवली येथील नमुन्यांवरून सांतापाव व फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये तिचे वर्णन केले व गावाचे नाव तिला मिळाले. महाराष्ट्रातील एका उपनगराचे नाव धारण करणारी ही औषधी आज आपल्या औषधालयांत इतर प्रांतांतून, आणि पुष्कळदा अन्य जातींच्या मिश्रणाने येते, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. हिच्या भूमिगत भागास आपण कंद म्हणतो, तथापि ती वस्तुतः मांसल मुळे आहेत व ती एका लहान चकतीपासून गुच्छाने निघतात. अंकुर या चकतीवरच असतो. चकतीचा अंश नसलेले मूळ कितीही पुष्ट असले तरी ते उगवत नाही. सन २००० च्या सुमारास मुसळीच्या लागवडीची लाट आली, तेव्हा चकतीविना मुळे बेणे म्हणून घेऊन पुष्कळ शेतकरी फसले, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

बीज काळे, बारीक व कोनयुक्त असते. त्याची उगवण कमी; आमच्या अनुभवात शंभर बियांतून दहा-पंधराहून अधिक रोपे क्वचितच मिळतात. बीज जुने न करता पुढच्याच मृगात उथळ पसरट कुंडीत पेरावे व वर बोटाच्या पेराच्या पाव भागाइतकीच माती पसरावी. बालरोप प्रथम गवताच्या पात्यासारखे दिसते, त्यामुळे निंदणी करताना तेच उपटले जाण्याचा संभव असतो. पहिल्या वर्षी दोन-तीन बारीक मुळे धरतात. चकतीसह विभागलेले बेणे लावल्यास मात्र त्याच वर्षी फूल येते. एका बारा इंची कुंडीत तीन, आणि वाफ्यात वीतभर अंतराने एक असे रोप लावावे. पाने गेल्यावर मुळे लगेच काढू नयेत. साल पांढऱ्याची तपकिरी होईपर्यंत दोन-तीन महिने ती मातीतच पक्व होऊ द्यावीत.

ओळखीचा उपयोग कसा होतो, याचे आमचेच उदाहरण सांगतो. एका व्यापाऱ्याकडून आम्ही अनेक वर्षे शुष्क सफेद मुसळी घेत असू. त्यानेच दिलेले ओले बेणे आम्ही कुंड्यांत लावले. श्रावणात रोप कुंडीतून अलगद काढून धुतले, तर मुळे दोऱ्यासारखी बारीक व त्यांच्या टोकांना गाठीसारखे कंद लोंबत असलेले दिसले. मांसल मुळे चकतीपासूनच थेट फुगलेली असावयास हवी होती. ती क्लोरोफायटम ट्यूबरोझम ही दुसरी जात होती. मग आम्ही शिल्लक पोते उघडून पाहिले आणि त्यातील बारीक टोकांच्या आखूड गाठींचा अर्थ आम्हांस प्रथमच कळला. किती वर्षे आपण रुग्णांना काय देत होतो, या प्रश्नाने तेव्हा आलेली अस्वस्थता आम्ही विसरलेलो नाही. व्यापाऱ्याने हे हेतुतः केले असे आम्ही म्हणत नाही. त्यालाही ते याच नावाने मिळाले असावे. ओळखण्याची जबाबदारी मात्र आमची होती. सोललेली शतावरीची मुळेही याच नावाखाली खपविली जातात. अंगणात शतावरीचे एक रोप असले, तर तिच्या मुळातील मधली चिवट शीर ओढून पाहण्याची सवय लागते व ही फसवणूकही टळते.

काळी मुसळी

तालमूली या संस्कृत नावातच हिचे बालरूप वर्णिले आहे. पाने घडीदार शिरांची असून कोवळे रोप ताडाच्या वा माडाच्या नुकत्या उगवलेल्या रोपासारखे दिसते. फुले पिवळी, सहा पाकळ्यांची, मातीलगत उमलणारी. पावसाळ्यात कुंडीत ती पाहिली की पुन्हा कधी विसर पडत नाही. कुर्कुलिगो ऑर्किऑइडिस हे हिचे शास्त्रीय नाव. सफेद मुसळीशी हिचे कुळाचेही नाते नाही, केवळ नामसाम्य आहे. भूमिगत भाग एकच, उभा, बाहेरून काळपट व आतून पांढरा असतो.

नवशिक्याने आरंभ करावा तो या वनस्पतीने. बीजाच्या भानगडीत न पडता कंदाचा डोळा असलेला दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा मृगात लावावा. तुकड्याचा कापलेला भाग एक दिवस सावलीत सुकवून मगच मातीत घालावा, अन्यथा तेथून कूज शिरते. पानाचे टोक ओल्या मातीस टेकले तर तेथेही कधी कधी नवे रोप धरते. ही वनस्पती सावली मानते. कडक उन्हात पानांची टोके करपतात.

विदारी आणि क्षीरविदारी

भुईकोहळा हे नाव आपल्याकडे दोन निरनिराळ्या वेलींना लावले जाते. विदारी म्हणून आयुर्वेदीय भेषजसंहितेने स्वीकारलेली वनस्पती प्युएरेरिया ट्यूबरोझा, अर्थात घोडवेल. आणि क्षीरविदारी म्हणजे आयपोमिया प्रजातीतील, दुधाळ चिकाची वेल. केरळात मात्र विदारी म्हणून दुसरीचाच वापर परंपरेने होतो. वाळलेल्या चकत्यांमध्ये हा भेद करणे कठीण. बालरोपांत तो एका दृष्टिक्षेपात होतो. घोडवेलीस पळसासारखी तीन पर्णिकांची पाने येतात, तर क्षीरविदारीचे पान एकसंध असून हाताच्या बोटांप्रमाणे विभागलेले असते व देठ मोडताच दूध येते. दोन कुंड्या शेजारी-शेजारी ठेवल्या की विद्यार्थ्यांना व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

घोडवेलीची निळी-जांभळी फुले शिशिराच्या अखेरीस निष्पर्ण वेलीवर येतात. पुढे केसाळ शेंगा धरतात. त्या फुटण्यापूर्वी बीज जमवावे. बीजाचे कवच कठीण असल्यामुळे ते गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजत ठेवावे व फुगलेले तेवढेच पेरावे. ही वेल मात्र कुंडीत एकच वर्ष ठेवावी. मूळ खोल जाणारे व वेल बळकट असते, म्हणून दुसऱ्या मृगात तिला कुंपणालगत वा मोठ्या झाडाच्या आधाराने जमिनीत लावावे. औषधायोग्य कंद धरण्यास अनेक वर्षे लागतात. आज लावणाऱ्याने आपल्या शिष्यासाठी लावावी, एवढा हा दीर्घ व्यवहार आहे.

कळलावी

लांगली, कलिहारी, अग्निशिखा, आणि मराठीत कळलावी वा खड्यानाग. नांगराच्या फाळासारखा कोन करणारा कंद, टोकाशी तणाव्यात परिणत होणारे पान आणि हिरव्या-पिवळ्यातून लाल होणाऱ्या ज्वालेसारख्या पाकळ्या, यांमुळे ही वेल ओळखण्यास सोपी आहे. घरात लावल्यास कळ लागते, अर्थात भांडणे होतात, असा लोकसमज आहे. आम्ही त्यामागे पूर्वजांची सावधगिरी पाहतो, कारण ही उपविषांपैकी एक आहे. तिच्या सर्व अंगांत, विशेषतः कंदात व बीजात, कोल्चिसिन हे तीव्र विषद्रव्य असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मधील विषारी द्रव्यांत लांगलीचा समावेश आहे.

कंदाच्या दोन्ही भुजांच्या टोकांशीच अंकुर असतो. टोक मोडले तर ती भुजा वाया जाते, म्हणून लावताना व काढताना कंद दोन्ही हातांनी, हातमोजे घालून उचलावा. कंद बारा इंची कुंडीत चार बोटे खोल आडवा ठेवावा व वेलीस काटक्यांचा आधार द्यावा. दरवर्षी जुना कंद आटतो व नवा तयार होतो. बीजापासून लावल्यास धीर हवा. पहिल्या वर्षी मोजकी पाने व वाटाण्याएवढा कंद, आणि फूल साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. काळ्या अंगावर तांबडे-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या एका रात्रीत वेल फस्त करतात. त्या सकाळीच वेचून काढाव्यात.

एका हिवाळ्यात आम्ही हे कंद धुऊन ओसरीवर सुपात वाळत ठेवले होते. घरात काम करणाऱ्या ताईंनी ती रताळी समजून उकडण्यासाठी स्वयंपाकघरात नेली. चुलीवर भांडे चढण्यापूर्वी आमचे लक्ष गेले, म्हणून अनर्थ टळला. दोष सर्वस्वी आमचा होता. खाल्ल्यानंतर काही तासांनी वांती व अतिसार सुरू होतो, आणि पुढे अनेक अवयव निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो; नित्य उपलब्ध असा प्रतिविष नाही. अशा प्रसंगी घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. त्या दिवसापासून आमच्याकडे कळलावीच्या कुंड्या जाळीच्या कुलूपबंद कप्प्यात असतात, त्यांवर तांबडी पट्टी असते व कंद मोजून काढले व मोजून ठेवले जातात. ज्यांच्या अंगणात लहान मुले खेळतात त्यांनी ही वेल लावूच नये.

कुंडीकडून काय अपेक्षावे

औषधालयाच्या चालकांनी येथे हिशोब स्पष्ट ठेवावा. सफेद मुसळीची मुळे सोलून वाळविल्यावर ओल्या वजनाच्या सुमारे पाचव्या भागाइतकी उरतात. कुंड्यांच्या रांगेतून औषधालयाची गरज भागणार नाही, आणि बालरोपांचे अपक्व कंद औषधात वापरूही नयेत. कुंडी आपल्याला तीन गोष्टी देते : खात्रीची ओळख, तुलनेसाठी स्वतः काढलेला प्रमाण नमुना, आणि वाफ्यासाठी व शेतकऱ्यांसाठी शुद्ध बेणे. शार्ङ्गधरसंहितेत ज्या द्रव्यांचा वापर सदैव ओल्या अवस्थेत सांगितला आहे त्यांत शतावरी येते. तिची दहा-वीस रोपे वाफ्यात असली तर मात्र चिकित्सालयापुरती ओली मुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून मिळू शकतात.

आरंभीचे बेणे वनातून उपटून आणण्याचा मोह टाळावा. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून वनस्पती खणणे हा गुन्हा आहे, आणि इतरत्रही फुलापूर्वी खणलेला प्रत्येक कंद पुढील पिढीचे बीज नाहीसे करतो. कृषी विद्यापीठे, वन विभागाच्या रोपवाटिका व आयुर्वेद महाविद्यालयांच्या वनौषधी उद्यानांकडे प्रथम चौकशी करावी. मिळालेले बेणेही फूल येईपर्यंत संदिग्धच मानावे आणि फुलल्यावर वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पक्की करून घ्यावी. प्रत्येक कुंडीची एक वही असावी : बेणे कोठून आले, कधी लावले, अंकुर, फूल व पानगळ यांच्या तिथी, आणि काढलेल्या कंदाचे ओले व सुके वजन. त्याच कंदाचा एक भाग न सोलता, एक सोलून व एक चकत्या करून, अशा तीन बाटल्या भरून ठेवाव्यात. पुढचे पोते दारात आले की आधी या बाटल्या उघडाव्यात. निर्मिती परवानाधारकांना कच्च्या द्रव्याच्या ओळखीची जी नोंद ठेवावी लागते, तिला यामुळे भक्कम आधार मिळतो.

हा उद्योग खर्चाचा नाही. पाच-सहा कुंड्या, एक घमेले रेती, एक वही आणि पानगळीनंतर पाणी न घालण्याचा संयम, एवढे भांडवल पुरे. येत्या मृगात प्रत्येक वैद्याने निदान एका वनकंदाचे रोप लावावे, पुढच्या कार्तिकात स्वतःच्या हाताने त्याची माती उकरावी आणि मातीतून वर आलेला तो कंद आपल्या औषधालयातील बरणीशी ताडून पाहावा, अशी आमची नम्र विनंती आहे. ज्यांची बरणी खरी ठरेल त्यांचा विश्वास दृढ होईल. ज्यांची ठरणार नाही, त्यांनी तो अनुभव संकोच न बाळगता या त्रैमासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा. इतर वैद्यांच्या रुग्णांना त्याचाच उपयोग अधिक होईल.